वायफाय आणि मधला निरोप्या



वसंत ऋतूतल्या व्याख्यानांना आपण येतो ते संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या अपेक्षेने. त्या मानाने आजचा विषय फारच घरगुती आहे. घराच्या मागल्या खोलीत वायफाय पोचत नाही. त्यावर उपाय म्हणून बाजारात ‘एक्स्टेंडर’ नावाची एक डबी मिळते. ती घ्यावी की न घ्यावी, घ्यायची तर कोणती घ्यावी आणि कोठे लावावी, एवढाच प्रश्न. पण पालघर-बोईसर भागात ज्या ज्या घरी मी गेलो तेथे तो मला भेटला, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचे चुकीचे उत्तर पैसे मोजून विकत घेतलेले आढळले. मीही ते घेतले होते. या विषयावर बोलण्याचा माझा जो काही अधिकार आहे तो तेवढ्यापुरताच आहे असे समजावे.

आमचे घर जुन्या घाटणीचे, लांबट. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि मागली पडवी बंद करून केलेली एक खोली. भिंती जाड. इंटरनेटची तार रस्त्यावरून आली ती साहजिकच ओटीवर, म्हणून राउटरही ओटीवरच, दूरचित्रवाणी संचाच्या मागे खिळ्याला टांगलेला. २०२० सालच्या टाळेबंदीत माझी पुतणी बारावीला होती. तिचे वर्ग फोनवर भरत, आणि अभ्यासाची जागा पडवीच्या खोलीत. तेथे गुरुजींचा आवाज तुटक तुटक येई, चित्र गोठून बसे, आणि हजेरीच्या वेळी नेमके सारे बंद पडे. मी दुकानातून एक एक्स्टेंडर आणला आणि जेथे दुखणे तेथेच औषध लावावे या न्यायाने पडवीच्या खोलीतच लावला. क्षणार्धात तिच्या फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण भरल्या. घरात आनंदीआनंद झाला. दुसऱ्या दिवशी पुतणी म्हणाली, “काका, काड्या सगळ्या आहेत, पण नेट पहिल्यापेक्षा वाईट आहे.” मी डबी घेऊन दुकानदाराकडे गेलो. त्याने ती आपल्या राउटरजवळ लावून दाखवली आणि म्हणाला, यंत्र उत्तम आहे. तो खरे बोलत होता. चूक यंत्राची नव्हती, माझी होती.

ती चूक समजण्यासाठी फार शास्त्र लागत नाही. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळातली एक मोठी सभा डोळ्यांसमोर आणा. वक्ता व्यासपीठावरून बोलतो आहे आणि शेवटच्या रांगेतल्यांना शब्द कळत नाहीत. कोणी एक खणखणीत आवाजाचा मनुष्य उभा करावा आणि त्याने वक्त्याचे प्रत्येक वाक्य ऐकून मागल्यांना मोठ्याने सांगावे, अशी योजना आपण केली. आता हा मनुष्य उभा कोठे करायचा? शेवटच्या रांगेत उभा केला तर मागल्यांना त्याचा आवाज उत्तम ऐकू येईल, पण तो सांगणार काय? त्यालाच वक्ता ऐकू येत नाही. त्याला सभेच्या मध्यावर, जेथे वक्त्याचा शब्द न् शब्द अजून स्पष्ट कळतो अशा जागी उभे करावे लागेल. एक्स्टेंडर म्हणजे हा मधला निरोप्या. तो नवे इंटरनेट निर्माण करीत नाही. ऐकलेले पुन्हा बोलतो. जे त्याला ऐकू आले नाही ते तो कोणालाही देऊ शकत नाही.

आणि फोनवरच्या काड्या? त्या फोन आणि एक्स्टेंडर यांच्यामधल्या वाटेची हकीकत सांगतात. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यामधली वाट कशी आहे याची त्यांना दादही नसते. माझ्या पुतणीच्या फोनवर सगळ्या काड्या होत्या, कारण निरोप्या तिच्या कानाशी उभा राहून ओरडत होता. पण ओटीवरून त्याच्यापर्यंत येत होती ती नुसती पुटपुट.

याच उपमेतून दुसरीही एक अडचण उमगते. मधला मनुष्य एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही. वक्त्याने एक वाक्य बोलून थांबायचे, मग याने ते सांगायचे, मग वक्त्याने पुढले वाक्य. व्याख्यान तासाचे असेल तर त्याला दोन तास लागणार. साधा, स्वस्त एक्स्टेंडर राउटरकडून ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर पुढे बोलतो, आणि म्हणून वेग सुमारे निम्मा होतो. हा दोष कोणा कारखानदाराच्या कंजूषपणाचा नाही, तो त्या रचनेतच आहे. मात्र याचा बाऊही करू नये. समोरासमोर बोलण्याच्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला तीनचार मेगाबिट पुरतात, स्वच्छ चित्रपटाला पाचसहा. मध्यावर एक्स्टेंडरला चाळीस ऐकू येत असतील तर तो मागल्या खोलीला वीस देईल, आणि एका विद्यार्थिनीला वीस म्हणजे चैन आहे.

आता लहरी भिंतीत अडतात का आणि किती, हे थोडे पाहू. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते. एक २.४ गिगाहर्ट्झचा, त्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. त्यातील लहर पाचसहा सेंटीमीटरांची, म्हणजे तीन बोटांएवढी. मोठी लहर भिंतीतून जास्त पार होते, पण तिच्या पट्ट्यात जागा थोडी आणि गर्दी फार. लहान लहर वेगवान, पण दोन जाड भिंतींत तिचा दम निघतो. लहरी भिंतीपलीकडे जाऊन काम करतात हे आपल्या देशात प्रथम दाखवले ते जगदीशचंद्र बोस यांनी. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी असल्याच अदृश्य लहरी भिंतीपार धाडून दूरची घंटा वाजवली आणि दारू उडवून दाखवली. पार जाते हे खरे. पण प्रत्येक भिंत आपला जकातीचा वाटा कापून घेते, आणि तो वाटा भिंत कशाची आहे त्यावर ठरतो. पातळ विटेची भिंत थोडा घेते, दगडी किंवा काँक्रीटची पुष्कळ. लोखंडी कपाट, पत्रा, मोठा आरसा ही मंडळी तर लहर परतच पाठवतात. पाणीही तिला शोषून घेते. म्हणून पाण्याची टाकी, माशांचे काचपात्र आणि पावसाळ्यात भिजलेली भिंत ही तिची वैरीच होत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या भिंती कशा ओल धरतात हे कोणी सांगायला नको. स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झवर चालते, तेव्हा तिच्या शेजारी ठेवलेल्या एक्स्टेंडरचे भर जेवणाच्या वेळी काय होत असेल ते समजून घ्यावे.

येथे थोडे विषयांतर करतो. तारापूरच्या परिसरात राहणाऱ्यांना ‘रेडिएशन’ हा शब्द परका नाही. अणुवीज केंद्र १९६९पासून आपल्या शेजारी आहे. त्यामुळे घरात अशा दोन डब्या लावल्या तर अपाय होईल का, असे मला बोईसरला हटकून विचारतात. दोन्हींना एकच शब्द वापरला जातो, पण जात निराळी. अणूतील इलेक्ट्रॉन उपटून काढण्याची जी ताकद किरणोत्साराला असते, तिच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकीही वायफायच्या लहरीच्या एका कणाला नसते. आणि घरगुती यंत्राची प्रक्षेपणशक्ती असते ती एका वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास. या भीतीपोटी कोणी मुलाला खोलीबाहेर बसवू नये.

मूळ मुद्द्याकडे येतो. घरात राउटर कोठे बसतो? तार जेथून आत येते तेथे. तार कोठून येते? पुढून. आणि पुढे कोण बसते? पाहुणे, घरातले कर्ते पुरुष आणि दूरचित्रवाणी संच. मागे कोण? अभ्यास करणारी मुले, स्वयंपाक करता करता गावच्या बहिणीशी बोलणारी गृहिणी, औषधाच्या वेळेची वाट पाहणारी आजी. जोडणीवाल्याने पाच मिनिटांत खिळा ठोकला आणि तो गेला. पण त्या खिळ्याने घरात कोणाला किती मिळावे हे ठरवून टाकले. ते ठरवताना कोणी कोणाला विचारले नाही. माझी पहिली सूचना म्हणून ही की, दुकानात जाण्यापूर्वी तो खिळा हलवता येतो का ते पाहावे. राउटर घराच्या मध्याकडे, माणसाच्या डोक्याइतका उंच, कपाट आणि संच यांपासून दूर असा ठेवावा. फायबरची तार दहा मीटर लांबवल्याने वेगात काही फरक पडत नाही. फक्त ती कोपऱ्यात करकचून वाकवायची नाही आणि हे काम जोडणीवाल्याकडूनच करवून घ्यायचे. निम्म्या घरांचे दुखणे एवढ्यानेच बरे होईल, असे माझे मत आहे, आणि त्याला खर्च आहे तो चहापाण्यापुरता.

तेवढ्याने भागले नाही तर दुसरा उपाय तारेचा. राउटरपासून मागल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल न्यावी आणि तेथे तिच्या टोकाला छोटे वायफाय यंत्र बसवावे. ही तार शंभर मीटरपर्यंत न अडखळता चालते, आणि तिच्यात वेग निम्मा होण्याची भानगड नाही, कारण निरोप्याला ऐकायला स्वतंत्र नळीच मिळाली. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र ती नेऊ नये. स्वतःचे घर आहे आणि भिंतीला भोक पाडायची तयारी आहे, त्याने खुशाल तार टाकावी आणि माझे पुढले व्याख्यान ऐकूच नये.

पण तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी आणि बोईसरला भाड्याच्या खोलीत राहणारी हजारो कुटुंबे आहेत. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही तेथे केबल कसली नेता? अकरा महिन्यांच्या कराराने राहणाऱ्याने दुसऱ्याच्या भिंतीत पैसा का घालावा? एक्स्टेंडर ही वस्तू खरी आहे ती या लोकांसाठी. खोली सोडताना ती प्लगमधून उपटायची आणि खिशात घालून न्यायची. तेव्हा ती नीट निवडावी कशी, ते आता सांगतो.

एकाच लहरीवर ऐकणारा आणि बोलणारा निरोप्या निम्मा वेळ वाया घालवतो हे आपण पाहिले. मग एका लहरीवर ऐकले आणि दुसरीवर बोलले तर? हाच विचार मोठ्या प्रमाणावर आपल्याच जिल्ह्यात करून पाहिला गेला आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांचे सहकारी यांनी ‘ग्राममार्ग’ या नावाने एक प्रयोग चालवला. त्याचे क्षेत्र होते पालघरमधील खामलोली आणि आसपासची गावे. सरकारी योजनेतून फायबर येते ते ग्रामपंचायतीपर्यंत. पण आपल्याकडे गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. इकडे एक पाडा, ओढ्यापलीकडे दुसरा, झाडीत तिसरा. प्रत्येक पाड्यापर्यंत तार नेणे परवडत नाही. या मंडळींनी दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या यूएचएफ पट्ट्यातील रिकाम्या जागा वापरल्या. त्या लहरी हातभर लांबीच्या, झाडीतून वाट काढणाऱ्या. त्यांच्यावरून इंटरनेट पाड्यापर्यंत न्यायचे आणि तेथे पोचल्यावर साध्या वायफायने वाटायचे. आणण्याची लहर वेगळी, वाटण्याची वेगळी. या कामाला २०१७ साली मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. फायबरपासून पाडा आणि ओटीपासून पडवी, या दोन अंतरांत प्रमाणाचा फरक आहे, प्रश्नाचा नाही.

म्हणून एक्स्टेंडर घ्यायचा तर दोन पट्ट्यांचा, म्हणजे ‘ड्युअल बँड’ घ्यावा. तो राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर बोलू शकतो आणि तुमच्या फोनशी २.४ वर. मात्र यात एक खोच आहे. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्यापर्यंत पोचली तरच ही युक्ती चालणार. जाड भिंतींच्या घरात त्याला अशी जागा शोधावी लागते की, उघड्या दारातून राउटर त्याला दिसतो आहे. आमच्या घरी ती जागा निघाली माजघराच्या दाराशी. तेथून ओटीही दिसते आणि पडवीही.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. ‘१२००’ असे ठळक छापलेले असते आणि घेणाऱ्याला वाटते की आपल्याला सेकंदाला १२०० मेगाबिट मिळणार. वास्तविक तो आकडा म्हणजे २.४ च्या पट्ट्यावरचे ३०० आणि ५ च्या पट्ट्यावरचे ८६७ यांची बेरीज, वर पूर्णांक करून घेतलेली. आणि हे दोन्ही आकडे प्रयोगशाळेतल्या आदर्श स्थितीतले. तुमची जोडणी शंभराची असेल तर जगातले कोणतेही खोके तिचे दोनशे करणार नाही. शिंगांच्या संख्येचेही तसेच. चार शिंगांचे यंत्र दोन शिंगांच्या यंत्रापेक्षा चांगले असतेच असे नाही; ते भयंकर मात्र दिसते. त्यापेक्षा त्याला लॅन केबलचे छिद्र आहे का ते पाहावे. ते असले तर पुढे कधी स्वतःच्या घरात गेल्यावर हीच डबी तारेच्या टोकाला लावून निम्म्या वेगाच्या शापातून मोकळी करता येते.

‘मेश’ नावाचा संच याहून महाग मिळतो. त्यात दोनतीन यंत्रे एकाच नावाने, आपसांत संगनमत करून काम करतात, आणि माणूस फोन हातात घेऊन घरभर फिरला तरी फोन एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सुखाने सोपवला जातो. साध्या एक्स्टेंडरमध्ये पुष्कळदा फोन जुन्याच यंत्राला चिकटून बसतो; वायफाय एकदा बंद करून पुन्हा चालू केले की सुधारतो. दुमजली बंगल्याला मेश शोभेल. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला तो हत्ती पोसल्यासारखा आहे. आणि मेश झाला तरी निरोप्याचा नियम त्यालाही लागू आहेच. न ऐकलेले तोही सांगू शकत नाही.

इमारतींत राहणाऱ्यांची अडचण जरा निराळी. तेथे भिंतीपेक्षा शेजारी जास्त आड येतात. २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त केला, आणि त्याचा लाभ आपण सर्वांनी एकदमच घेतला. एका मजल्यावर चार बिऱ्हाडे आणि चार मजले, म्हणजे सोळा राउटर एकाच चौकात ओरडत असतात. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच धरावेत: १, ६ आणि ११. बाकीचे मधले. तेथे आणखी एक एक्स्टेंडर आणणे म्हणजे बाजारात आणखी एक ओरडणारा उभा करणे. अशा घरांनी फोन आधी ५ गिगाहर्ट्झवर नेऊन पाहावा. बहुधा दोन खोल्यांत तेवढे पुरते.

जागा निवडण्याची रीत सोपी आहे. दुपारच्या निवांत वेळी फोन घेऊन राउटरजवळ उभे राहावे आणि वेग मोजावा. मग एकेक खोली मागे जात मोजत जावे आणि आकडे कागदावर लिहावेत. जेथे वेग अजून निम्म्याच्या वर आहे पण पुढल्या भिंतीनंतर एकदम कोसळतो, ती एक्स्टेंडरची जागा. फोनमध्ये लहरीची ताकद आकड्यात दाखवणारे ॲप असेल तर तो आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत एक्स्टेंडरला चालेल, उणे ८० म्हणजे पुटपुट. दर तीनाने ताकद निम्मी होते हे ध्यानात ठेवावे. हीच मोजणी रात्री नऊला, सारा शेजार घरी आल्यावर, पुन्हा एकदा करावी.

आणि प्लग कोणता आहे ते पाहावे. पावसाळ्यात वीज गेली की आपल्याकडे राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण एक्स्टेंडर ज्या भिंतीवर लावला ती जोडणी इन्व्हर्टरवर नसते. मग ओटीवर क्रिकेटचा सामना चालू राहतो आणि पडवीतला अभ्यास बंद पडतो. आमच्याकडे हे एकदा घडल्यावर वायरमनला बोलावून माजघराचा तो एक प्लग इन्व्हर्टरवर घेतला. पुतणी आता नोकरीनिमित्त पुण्याला असते. पडवीच्या खोलीत हल्ली मी बसतो, आणि भिंती भिजल्या की दरवर्षी जुलैत फोन घेऊन पुन्हा एकदा घरभर फिरून आकडे लिहून ठेवतो.